कोऱ्या पावतीवरची इंजेक्शने

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नसराई तोंडावर आली की त्वचारोगतज्ज्ञांकडे एक तक्रार हमखास वाढते. चेहऱ्याला इंजेक्शने घेतली, पैसे गेले, फरक काहीच नाही; किंवा फरक पडला तो नको तिथे. अशा वेळी पर्समधून जी पावती निघते ती बहुधा एका ओळीची असते. ‘फेस ट्रीटमेंट’ आणि पुढे रक्कम. औषध कोणते, किती युनिट, कुठे टोचले, कुपीचा बॅच क्रमांक काय, यातले काहीही नाही. काय चुकले हे कळण्याचा आणि चुकलेले दुरुस्त करण्याचा रस्ता त्या पावतीपाशीच बंद होतो. म्हणून हे पत्र.

बोलण्यात सगळ्यालाच ‘बोटॉक्स’ म्हणतात, पण इंजेक्शने दोन अगदी वेगळ्या जातीची आहेत. बोट्युलिनम टॉक्सिन स्नायू सैल करते. फिलर म्हणजे जेल; ते खोलगट जागा भरून काढते. कपाळाच्या आडव्या आठ्या, भुवयांमधल्या उभ्या रेघा, हसताना डोळ्यांच्या कडेला पडणाऱ्या सुरकुत्या हे टॉक्सिनचे काम. बसलेले गाल, पातळ ओठ, नाकापासून ओठांच्या कडेपर्यंत उतरणारी घळ हे फिलरचे. चेहरा अगदी शांत असतानाही दिसणारी खोल रेघ नुसत्या टॉक्सिनने पुसली जात नाही, फार तर थोडी उथळ होते. हे आधी सांगितले नसेल तर औषध उत्तम असूनही माणूस नाराजच होणार.

टॉक्सिनचा हिशेब वाचकांनी एकदा नीट समजून घ्यावा. कुपीत द्रव नसतो. तळाशी जेमतेम दिसेल असा पांढरट थर असतो आणि आत निर्वात पोकळी असते. सलाईन भरलेल्या सिरिंजची सुई रबरी बुचातून आत गेली की सलाईन आपसूक आत ओढले जाते. ओढले गेले नाही तर निर्वात पोकळी टिकलेली नाही, ती कुपी फेकायची. आता १०० युनिटच्या कुपीत अडीच मिलिलीटर सलाईन घातले, तर ०.१ मिलिलीटरमध्ये ४ युनिट येतात. भुवयांमधल्या आठ्यांसाठी पाच ठिकाणी ०.१ मिलिलीटर टोचले की २० युनिट होतात. अमेरिकेत २००२ साली बोटॉक्स या ब्रँडच्या टॉक्सिनला या आठ्यांसाठी मान्यता मिळाली ती याच मात्रेला. त्याच कुपीत पाच मिलिलीटर सलाईन घातले तर टोचण्या तितक्याच, सिरिंज तितकीच भरलेली, पण औषध मात्र १० युनिट. खुर्चीत बसलेल्या माणसाला यातला फरक दिसणे शक्यच नाही. दीड महिन्यात आठ्या परत आल्या की ‘मला बोटॉक्स लागू पडत नाही’ असा समज होतो. बहुतेकदा औषध कमी पडलेले असते, एवढेच.

म्हणून ‘किती टोचण्या’, ‘किती सिरिंज’ हे विचारण्यात अर्थ नाही, युनिट विचारावेत. डोळ्यांच्या कडेला प्रत्येक बाजूस १२, दोन्ही मिळून २४. कपाळाला २० आणि सोबत भुवयांमध्ये २०, या बोटॉक्सच्या लेबलवरच्या मात्रा आहेत. अनुभवी डॉक्टर स्नायूंची ताकद पाहून त्या कमी-जास्त करतात, आणि ते योग्यच आहे. आणखी एक, निरनिराळ्या कंपन्यांची युनिट सारखी नसतात. डिस्पोर्ट या दुसऱ्या ब्रँडच्या टॉक्सिनची भुवयांमधली मात्रा ५० युनिट आहे. म्हणून ‘तिकडे २०, आमच्याकडे त्याच भावात ५०’ ही तुलनाच चुकीची. नाव आणि युनिट दोन्ही एकत्र लिहिलेले असतील तरच आकड्याला अर्थ आहे. विरघळवण्यापूर्वी कुपी फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांवर हवी. बोटॉक्सच्या लेबलप्रमाणे विरघळवल्यानंतर ती २४ तासांत वापरायची असते. तेव्हा कुपी आपल्यासमोर उघडायला सांगण्यात संकोच कसला?

टॉक्सिनचा परिणाम तीन-चार दिवसांनी दिसू लागतो, चौदाव्या दिवसापर्यंत पुरता येतो आणि तीन ते चार महिने टिकतो. पाचव्या दिवशी ‘अजून थोडे टाका’ म्हणणारा रुग्ण आणि लगेच टाकणारा डॉक्टर, दोघेही घाई करतात. मग दोन आठवड्यांनी चेहरा ताठ वाटतो. लग्नाच्या चार दिवस आधी पहिल्यांदा टॉक्सिन घेणे हा तर अट्टहासच. किमान चार आठवडे हातात हवेत, म्हणजे दोन आठवड्यांनी तपासून थोडी दुरुस्ती करता येते.

काय बिघडते? कपाळाच्या स्नायूवरच आपल्या भुवया तोललेल्या असतात. तो सरसकट झोपवला तर भुवया खाली येतात आणि डोळे जड वाटतात. चाळिशीनंतर वरच्या पापणीची कातडी सैल झालेली असेल तर हे जास्त जाणवते. याच्या उलट, कपाळाचा मधला भाग झोपवला आणि बाजू मोकळ्या सोडल्या तर भुवयांची बाहेरची टोके वर चढून चेहरा कायम रागावलेला दिसतो. हे बाजूला एक-दोन युनिट देऊन सहज सुधारते. पापणीच खाली पडणे हा प्रकार वेगळा. भुवईजवळ टोचलेले औषध पसरून पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पोचले की तो होतो. म्हणून डोळ्याच्या खोबणीच्या हाडापासून किमान एक सेंटिमीटर वर टोचायचे असते. पापणी पडलीच तर ॲप्राक्लोनिडीन ०.५ टक्के थेंबांनी ती एक-दोन मिलिमीटर उचलली जाते. बाकी काही आठवडे वाट पाहणे आले. गरोदर स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या आया आणि मायस्थेनिया ग्रेव्हिससारखा स्नायूंचा आजार असलेल्यांनी टॉक्सिन घेऊच नये. सुई हातात घेण्याआधी हे विचारलेच गेले पाहिजे.

आता फिलर. इथे निराशा दोन टोकांची असते. पहिले टोक अपेक्षेचे. एका सिरिंजमध्ये १ मिलिलीटर जेल असते, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा. तेवढ्यात दोन्ही गाल, ओठ आणि हनुवटी ‘करून देतो’ असे कुणी म्हणत असेल तर ते होणार नाही. ओठांना मात्र अर्धा ते एक मिलिलीटर पुरतो. पहिले दोन-तीन दिवस ओठ सुजलेले असतात, तेव्हा घाबरून किंवा हुरळून निर्णय घेऊ नये. खरा आकार दोन आठवड्यांनी कळतो.

डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांसाठी फिलर घेणाऱ्यांची फसगत सर्वाधिक होते असे आम्हाला वाटते. घरच्या घरी पाहता येईल अशी एक परीक्षा आहे. आरशासमोर उभे राहून चेहऱ्यावर समोरून उजेड घ्या. काळेपणा बराचसा नाहीसा झाला तर ती खळग्याची सावली होती. तिथे फिलरचा उपयोग होऊ शकतो. काळेपणा तसाच राहिला तर तो कातडीच्या रंगाचा आहे, आणि आपल्याकडच्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत तसे फार वेळा असते. रंगावर जेलचा काहीही परिणाम होत नाही. उलट पापणीखालच्या पातळ कातडीत जेल वरवर टोचले तर निळसर झाक दिसते, आणि ते पाणी धरत असल्याने सकाळी डोळ्यांखाली पिशव्या येतात. त्या जागी अनुभवी हात एका बाजूला सहसा अर्ध्या मिलिलीटरच्या आतच थांबतो.

पावतीचा प्रश्न इथे सर्वात गंभीर होतो. हायल्युरोनिक ॲसिडचे फिलर नको असेल तर विरघळवता येते. हायल्युरोनिडेज नावाचे एन्झाइम टोचले की एक-दोन दिवसांत गाठ, निळी झाक, वाकडा ओठ बराच पूर्ववत होतो. पण टोचलेले जेल कॅल्शियमचे असेल, पॉलिलॅक्टिक ॲसिड असेल, पीएमएमए या प्लास्टिकचे कण किंवा सिलिकॉन असेल, तर या एन्झाइमचा उपयोग शून्य. बाहेरून हाताला गाठ सारखीच लागते. वर्षभराने ताप किंवा दाताच्या उपचारानंतर गाल अचानक सुजून लाल झाला, तर आत काय आहे हे माहीत नसलेल्या डॉक्टरने करायचे काय? अनेक फिलरच्या खोक्यात बॅच क्रमांकाचे चिकटपट्टीवाले छोटे लेबल जोडीने येते. एक दवाखान्याच्या कागदांत लावायचे, दुसरे रुग्णाला द्यायचे. ते बोटभर लेबल आपल्या फाइलमध्ये असावे, हे आम्ही हात जोडून सांगतो.

दुसरे टोक निराशेच्या पलीकडचे, धोक्याचे आहे. फिलर चुकून धमनीत गेले किंवा धमनीवर दाब आला तर पुढच्या कातडीचा रक्तपुरवठा तुटतो. टोचता टोचता एखादा पट्टा पांढराफटक पडतो, नंतर तिथे जाळीसारखी निळसर-जांभळी नक्षी उमटते. दुखणे नेहमीपेक्षा जास्त असते. पण पुष्कळ फिलरमध्ये बधिर करणारे लिडोकेन मिसळलेले असते, त्यामुळे दुखणे कळत नाही आणि माणूस घरी जातो. बोटाने कातडी दाबून सोडा. रंग साधारण दोन सेकंदांत परत यायला हवा. चार-पाच सेकंद लागत असतील तर सकाळची वाट पाहू नका. तिसऱ्या दिवशी तिथे बारीक पुवाच्या पुटकुळ्या येतात आणि मुरुमे समजून मलम दिले जाते. तोवर कातडी मरू लागलेली असते.

उपाय आहे, पण तो त्याच वेळी, त्याच खोलीत हवा. टोचणे लगेच थांबवायचे, जागा चोळून शेक द्यायचा आणि रक्त तुटलेल्या सगळ्या भागात हायल्युरोनिडेज भरपूर टोचायचे. अर्ध्या ओठाएवढ्या भागालाही सुमारे ५०० युनिट, आणि रंग परतेपर्यंत दर तासाने पुन्हा. आपल्याकडे याची १५०० युनिटची कुपी मिळते. नाक आणि भुवयांमधली जागा सर्वाधिक जोखमीची, कारण तिथल्या धमन्या डोळ्याच्या धमनीला जोडलेल्या आहेत. जेल उलटे मागे ढकलले गेले तर काही सेकंदांत दृष्टी जाते, आणि डोळ्याच्या पडद्याला वाचवायला उणापुरा दीड तासच असतो. म्हणून सुई लागण्याआधी एकच प्रश्न विचारा: ‘हायल्युरोनिडेज इथे आता आहे का? दाखवा.’ कुपी दाखवता आली नाही तर तिथून उठावे. पार्लरमध्ये चार दिवसांचा कोर्स केलेल्या व्यक्तीकडून फिलर घेण्यात धोका आहे तो हाच. टोचायला पुष्कळांना येते. पांढरा पडलेला ओठ ओळखणे आणि पुढच्या मिनिटाला काय करायचे ते माहीत असणे, याला शिक्षण लागते.

बोट्युलिनम टॉक्सिन औषध आहे, आणि फिलर २०१७च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येते. दोन्ही सौंदर्यप्रसाधने नव्हेत. टोचणाऱ्याचा नोंदणी क्रमांक विचारून महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे पडताळून घेता येतो. उपचाराआधी एकाच उजेडात शांत, हसताना, भुवया उंचावून आणि आठ्या घालून असे चार फोटो काढून घ्यावेत. कोणाचाही चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो आणि फोटो नसेल तर ‘हे आधीपासूनच होते’ हा वाद मिटत नाही. फसगत झालीच असेल तर आधी लेखी अर्ज करून कागदपत्रे मागावीत. नोंदणीकृत डॉक्टरने ती ७२ तासांत द्यावीत असा २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेचा नियम आहे, आणि दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपण्याचाही. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. औषध किंवा कुपी बनावट वाटत असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे, आणि दुष्परिणामाची नोंद १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर. या सगळ्या ठिकाणी पहिला प्रश्न एकच येतो: औषध कोणते होते, बॅच क्रमांक काय?

संपादक महोदय, एक विनंती आपल्यालाही आहे. लग्नसराईच्या आणि दिवाळीच्या पुरवण्यांत ‘एका तासात तरुण चेहरा’ अशा जाहिराती छापून येतात. त्यांत सवलत असते, फोन नंबर असतो, पण टोचणाऱ्याचे नाव आणि नोंदणी क्रमांक नसतो. जाहिरात स्वीकारताना आपल्या जाहिरात विभागाने तो क्रमांक मागावा, आणि तो मिळाला नाही तर जाहिरात छापू नये.

आपले नम्र,
दोन त्वचारोगतज्ज्ञ, पुणे