बाहुलीला कुलपातून बाहेर काढा

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

जन्मताच श्वास न घेणाऱ्या बाळाला कसं वाचवायचं, याच्या परिचारिकांच्या प्रशिक्षणासाठी व्हीआर (आभासी दृश्य दाखवणारे) चष्मे आणि गेमची निविदा काढायची असेल, तर त्याआधी प्रत्येक प्रसूतिगृहात नवजात बाळाची एक सरावाची बाहुली पोहोचवा.

गेमला आमचा विरोध नाही. आधी काय, मग काय, हा क्रम मोबाइलवर छान पक्का होतो. ऑक्सफर्ड आणि केनियातल्या संशोधकांचा ‘लाइफ’ गेम त्यासाठीच आहे. पण बाळाच्या नाकातोंडावरच्या मास्कमधून हवा गळतेय हे पडद्यावर हाताला कळत नाही.

बाळाने श्वास घेतला नाही, तर पहिल्या मिनिटात अंबू बॅग (मास्कमधून हवा देणारी, हाताने दाबायची पिशवी) सुरू व्हायला हवी, मिनिटाला ४० ते ६० श्वास. चुकतं ते इथे: मास्क डोळ्यांवर चढतो, मान फार मागे जाते, जबडा उचलणारी बोटं गळाच दाबतात. छाती हलत नाही म्हणून घाबरलेला हात बॅग आणखी जोरात दाबतो. खरं तर आधी मास्क पुन्हा बसवायचा, मान सरळ करायची, तोंड साफ करायचं. दाब वाढवायचा तो शेवटी. आणि बॅग धुतल्यावर झडप बसवायची राहिली असेल, तर सगळंच फुकट. तळहातावर मास्क घट्ट टेकवून बॅग दाबली की पाच सेकंदांत ते कळतं.

दोन लिटर कोमट पाणी भरलेली बाहुली बाळासारखीच लुळी पडते. मास्क नीट बसला तरच तिची छाती उठते.

टांझानियातल्या हायडम रुग्णालयात एक दिवसाच्या प्रशिक्षणाने बाहुलीवरचा हात सुधारला, प्रसूतिगृहातलं काम मात्र होतं तसंच राहिलं. पुढे जागेवरच, दर आठवड्याला तीन ते पाच मिनिटांचा सराव सुरू झाला, आणि पहिल्या २४ तासांतले नवजात मृत्यू हजारी ११.१ वरून ७.२ वर आले.

तेव्हा ड्यूटी बदलताना दोघींनी सराव करावा: एकीने बॅग धरावी, दुसरीने घड्याळ आणि छाती पाहावी. ० आणि १ नंबरचे मास्क सोबत द्या. मुख्य म्हणजे, बाहुलीची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत) नको. फाटली तर पगारातून वसुली होईल, या धास्तीनेच ती कपाटात जाते. उपभोग्य साहित्यात धरा, फाटली की नवी द्या.

आपले,
नवजात पुनरुज्जीवनाचे प्रशिक्षक