केसपेपरच्या खिडकीशी अडलेला इलाज

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी नागरिकांबाबतचा नवा कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. परदेशी माणूस दाखल होऊन उपचार घेत असेल, तर रुग्णालयाने त्याची माहिती नोंदणी अधिकाऱ्याला कळवायची, असं त्यातलं एक कलम सांगतं. त्याला माझी हरकत नाही. माझी तक्रार आहे ती केसपेपरच्या खिडकीवर चालणाऱ्या कारभाराबद्दल. ताप घेऊन ओपीडीत आलेल्या आफ्रिकन माणसाला आधी आधार विचारतात, ते नाही म्हटल्यावर पासपोर्ट, मग व्हिसा, मग भाड्याचा करार. तोवर खिडकी बंद! दाखल होणं तर दूरच, बिचाऱ्याला अजून डॉक्टरही दिसलेला नसतो.

मी दहिसरला राहते, माझं मेडिकलचं दुकान मीरा रोडला आहे. आजूबाजूला नायजेरिया, काँगो, सुदानकडची माणसं भाड्याने राहतात. बरेचसे कपड्यांच्या व्यापारातले, काही शिकायला आलेले. दुखलंखुपलं की ते पहिल्यांदा माझ्याकडे येतात. त्यांच्या देशातही गल्लीतला औषधवालाच पहिला डॉक्टर असतो, त्यामुळे त्यांना यात काही वावगं वाटत नाही. एखादा घरून आणलेली मलेरियाच्या गोळ्यांची रिकामी स्ट्रिप काउंटरवर ठेवतो आणि बोटाने दाखवतो, ‘सेम’. मी म्हणते, आधी रक्त तपासून ये. ‘नो हॉस्पिटल, मॅडम.’ एखाद्याचा व्हिसा संपलेला असतो हे मी नाकारत नाही. पण ज्याचे कागद चोख आहेत तोही बिचकतो, कारण हॉस्पिटलात गेलं की पोलीस येतात अशी बातमी त्यांच्यात फिरत असते.

गेल्या पावसाळ्यात माझ्या ओळखीच्या एका नायजेरियन तरुणाबरोबर मी रात्री मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत गेले होते. कंबर आणि नडग्या इतक्या ठणकत होत्या की त्याला धड बसवत नव्हतं. तिथल्या माणसाने पहिलं काम काय केलं, तर त्याचा हात उजेडात धरून कोपराच्या खोबणीत सुयांच्या खुणा शोधल्या. त्याने वेदनाशामकाचं नाव घेऊन मागणी केली, मग तर तो नशेबाज असल्याची त्यांची खात्रीच पटली. ट्रामाडॉल हे वेदनाशामक २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, चिठ्ठीशिवाय मीही देत नाही, तेव्हा सावधपणा समजू शकते. पण तो पोरगा मघापासून ‘एसएस, एसएस’ म्हणत होता, ते कुणी कानावर घेतलं नाही. त्यांच्याकडे लग्न ठरवताना आपण पत्रिका बघतो तसा हा जीनोटाइप, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक प्रकार, बघतात. एसएस म्हणजे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, आणि ते दुखणं हाडं पिळून काढतं. शेवटी बाँडची, म्हणजे शिक्षणानंतरची सक्तीची, सरकारी सेवा गडचिरोलीत करून आलेली एक निवासी डॉक्टर तिथून चालली होती, तिच्या ते लक्षात आलं. तिने सलाइन आणि इंजेक्शन लावलं, ऑक्सिजन किती आहे ते पाहिलं. पहाटे तो झोपला.

ड्रग्ज विकणारे असतील त्यांना खुशाल पकडा. पण अख्ख्या वस्तीचं दुखणं त्या एका चष्म्यातून बघायचं, याला वैद्यक म्हणत नाहीत.

वाईट याचं वाटतं की हे आजार आपल्याला नवे नाहीत. सिकलसेलची बाळं जगात सर्वाधिक जन्मतात त्या देशांत नायजेरिया आणि काँगोच्या बरोबरीने भारताचं नाव आहे. गडचिरोली, नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांत हा आजार आहे आणि २०२३ पासून केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम चालू आहे. जी६पीडी या तांबड्या पेशींतल्या एन्झाइमची कमतरताही तशीच. ती आफ्रिकेत बरीच आढळते, आणि मुंबईत पारशी समाजात. पूर्वी मी ग्रँट रोडच्या एका दुकानात नोकरीला होते, तिथे पारशी बायका मलेरियाची चिठ्ठी पुढे करतानाच बजावायच्या, ‘प्रायमाक्विन नको हं, आम्हाला चालत नाही.’ ही कमतरता असलेल्याच्या तांबड्या पेशी त्या गोळीने फुटू शकतात, लघवी कोकाकोलासारखी काळी होते. परवा एका सुदानी विद्यार्थ्याच्या चिठ्ठीवर व्हायवॅक्स प्रकारच्या मलेरियासाठी प्रायमाक्विनचा १४ दिवसांचा कोर्स होता आणि जी६पीडीची तपासणी कुठेच नव्हती. मी त्याला परत पाठवलं. तो तपासणी करायला गेला की दुसऱ्या दुकानात, देव जाणे.

टीबीची औषधं शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे विक्रीची नोंद ठेवावीच लागते अशा औषधांच्या यादीत, येतात. ती विकताना मी रजिस्टरमध्ये रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव-पत्ता, औषध आणि किती दिलं एवढं लिहिते आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपते. टीबीसारख्या आजारासाठी माझ्या दुकानात एवढी माहिती पुरते, तर सर्दी-तापाच्या केसपेपरला व्हिसा कशाला? १९९६ साली चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जगण्याचा हक्क परदेशी माणसालाही असल्याचं सांगितलं. त्याच वर्षी पश्चिम बंगालच्या खटल्यात सरकारी रुग्णालयाने तातडीचा इलाज नाकारणं हा त्या हक्काचा भंग ठरवला. नव्या कायद्यातलं कलमही माहिती कळवायला सांगतं, रुग्णाला परत पाठवायला नाही.

मुंबई आणि मीरा-भाईंदर या दोन्ही महापालिकांनी एका पानाचं परिपत्रक काढून खिडकीवर चिकटवावं: ओपीडीत कागद नसले तरी केसपेपर निघेल, कोणाची माहिती कधी कळवायची ते अमुक अधिकारी बघेल, कारकून नव्हे. कॅज्युअल्टीच्या कागदावर ‘सिकलसेल / जी६पीडी’ असा रकाना छापून घ्यावा. पालघरहून येणाऱ्या आपल्या आदिवासी रुग्णांनाही त्याचा उपयोग होईल. राहिला भाषेचा प्रश्न. काँगोच्या बायकांना इंग्रजी फारसं येत नाही, फ्रेंच येतं. प्रसूतीच्या वॉर्डात त्या नुसत्या मान हलवतात आणि सिस्टर ‘हो’ असं लिहून मोकळी होते. कलिन्याला मुंबई विद्यापीठाचा फ्रेंच विभाग आहे. फोनवर दुभाष्याचं काम करायला तिथले विद्यार्थी तयार आहेत का, एवढं तरी महापालिकेच्या आरोग्य खात्याने विचारून बघावं.

– एक फार्मासिस्ट, दहिसर (पूर्व)