दंडाच्या जुन्या पावत्या घेऊन या

सप्रेम नमस्कार.

गेल्या मार्गशीर्षात आपल्या बंदरावरच्या एका मावशींची बांगडा मासळीची टोपली, रस्त्याकडेला बसल्याबद्दल नगरपरिषदेच्या माणसांनी उचलून नेली. दंडाचे पैसे घेऊन त्या त्याच दुपारी गेल्या, तर "साहेब नाहीत, उद्या या." टोपली तिसऱ्या दिवशी मिळाली. बांगडे पुरून टाकावे लागले.

पथविक्रेता अधिनियम, 2014 सांगतो की उचललेल्या मालाची यादी विक्रेत्याला द्यायची आणि नाशवंत माल, शुल्क भरून मागणी केली की त्याच दिवशी सोडायचा. मावशींना यादी मिळालीच नव्हती. आणि हे कलम आपल्यापैकी कुणालाही ठाऊक नव्हतं, याची आम्हाला अजून खंत वाटते.

घरपट्टीचंही तसंच. नगरपरिषद हद्दीत थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती, म्हणजे वर्षाला 24. पंधराशेच्या घरपट्टीवर एका वर्षात 360 रुपये. चाकरमान्यांचं बिल बंद दाराच्या कडीला लावून जातात, ते पावसात भिजून जातं, आणि गणपतीला घर उघडल्यावर थकबाकी कळते.

दंड नकोच, असं आमचं म्हणणं नाही. वहाळात कचरा ओतणाऱ्या लॉजवाल्याला तो झालाच पाहिजे. पण त्याला आणि टोपलीवालीला एकच रक्कम कशी? 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत बाजारातली बैठक फी माफ व्हावी, शास्ती भरायला हप्ते मिळावेत, बिल मुंबईच्या पत्त्यावरही जावं, एवढ्या मागण्या घेऊन समिती नगरपरिषदेकडे जाणार आहे.

त्यासाठी पुरावा हवा. दंडाच्या, बैठक फीच्या, घरपट्टीच्या पावत्या असतील तशा आणा, फाटक्या असल्या तरी चालतील. माहिती अधिकाराच्या अर्जाला 10 रुपये आणि नकलेच्या पानाला 2 रुपये लागतात. अर्ज बरेच करायचे आहेत, म्हणून ऐपतीप्रमाणे वर्गणी द्या. प्रत्येक रुपयाची पावती मिळेल आणि हिशेब सभेत वाचला जाईल. निवृत्त कारकून, शिक्षक, वकील मंडळींनी आठवड्यातला एक तास दिला तर पैशांहून मोठी मदत होईल, कारण अर्ज लिहिता न आल्यामुळेच बरीच माणसं गप्प दंड भरतात.

येत्या रविवारी सकाळी 10 वाजता देवळाच्या सभामंडपात जमूया. मावशीही येणार आहेत.

आपली,
नागरिक समिती