हजेरी छापता, तसे प्रश्नही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अधिवेशन संपले की ‘आपल्या खासदारांची हजेरी इतके टक्के, प्रश्न इतके’ असे तक्ते व्हॉट्सॲपवर फिरतात, वृत्तपत्रांतही येतात आणि सीमाभागात त्यावरून दोन-चार दिवस वाद चालतो. आकडे बहुधा खरेच असतात. पण ते कशाचे आहेत हे पाहिल्याशिवाय कोणाला शाबासकी देणे किंवा नावे ठेवणे बरोबर नाही.

गोंधळ मतदारसंघापासूनच सुरू होतो. बेळगाव जिल्ह्यात विधानसभेचे १८ मतदारसंघ आहेत, पण ते लोकसभेच्या तीन मतदारसंघांत वाटले गेले आहेत. बेळगाव शहर आणि ग्रामीण बेळगाव लोकसभेत. निपाणी, चिकोडी-सदलगा, अथणी, कागवाड, यमकनमर्डी हे चिकोडीत. आणि खानापूर व कित्तूर थेट उत्तर कन्नडमध्ये. खानापूरच्या मतदाराने बेळगावच्या खासदाराचा तक्ता पाहून काहीच उपयोग नाही. उत्तर कन्नडचे आजचे खासदार विश्वेश्वर हेगडे-कागेरी २०१९ ते २०२३ या काळात कर्नाटक विधानसभेचे अध्यक्ष होते. त्या काळात त्यांनी विचारलेले प्रश्न शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही, कारण अध्यक्ष प्रश्न विचारत नाहीत. मंत्र्यांचेही तसेच. ते प्रश्नांना उत्तरे देतात, विचारत नाहीत, आणि संसदेत तर हजेरीपटावर सहीही करत नाहीत. जिल्ह्यातले जे आमदार मंत्री आहेत त्यांच्या नावापुढचा शून्य आळसाचा समजू नये.

‘आमच्या खासदाराने कोणत्या बाजूने मत दिले?’ हा प्रश्न लोक सर्वांत जास्त विचारतात, आणि त्याचेच उत्तर बहुतेक वेळा नोंदीत नसते. बहुसंख्य विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात. ‘होय’ आणि ‘नाही’ यांचा आवाज ऐकून अध्यक्ष निर्णय देतात, कोणाचेही नाव कागदावर येत नाही. त्या निर्णयाला हरकत घेऊन एखाद्या सदस्याने मतविभागणी मागितली, तरच घंटा वाजते, बटणे दाबली जातात आणि नावानिशी यादी तयार होते. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागते, म्हणून तिथे मात्र मोजणी होतेच. महिला आरक्षणाचे विधेयक २० सप्टेंबर २०२३ रोजी लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाले. त्या दिवसाच्या कामकाजाच्या वृत्तांतात कोण कुठल्या बाजूला होते हे पाहता येते.

यादी शोधताना दोन ठिकाणी हमखास चूक होते. सभागृहातल्या फलकावर दिसणारा आकडा ‘दुरुस्तीच्या अधीन’ असतो. चुकीचे बटण दाबलेल्या किंवा यंत्रात मत न नोंदलेल्या सदस्यांच्या चिठ्ठ्या नंतर त्यात मिळवल्या जातात. टीव्हीच्या पडद्याचा फोटो हा पुरावा नव्हे, छापील वृत्तांत पाहावा. दुसरी चूक तारखेची. वक्फ दुरुस्ती विधेयकावर लोकसभेत मतदान झाले (२८८ विरुद्ध २३२) तेव्हा मध्यरात्र उलटून ३ एप्रिल २०२५ उजाडला होता. पण बैठक २ एप्रिलची होती, त्यामुळे शोधायचे ते २ एप्रिलच्या कामकाजात.

आणि यादी मिळाली तरी तिच्यातून खासदारापेक्षा त्याचा पक्षच अधिक कळतो. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याचे किंवा परवानगीवाचून मतदान टाळणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकते; पक्षाने १५ दिवसांत माफ केले तरच ते वाचते. २३ जुलै २०१९ रोजी कर्नाटक विधानसभेत विश्वासदर्शक ठराव ९९ विरुद्ध १०५ मतांनी पडला. त्या प्रकरणात १७ आमदार अपात्र ठरले, त्यांत गोकाक, अथणी आणि कागवाड या आपल्याच जिल्ह्यातल्या तीन मतदारसंघांचे आमदार होते. पक्षाच्या चौकटीबाहेर जाण्याची किंमत इतकी मोठी असते.

म्हणूनच माझ्या मते लोकप्रतिनिधीची पारख त्याच्या मतापेक्षा त्याच्या प्रश्नांवरून करावी. लोकसभेत रोज २० तारांकित (मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात ते) आणि २३० अतारांकित (फक्त लेखी उत्तराचे) प्रश्न यादीत येतात. त्यासाठी किमान १५ दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि कोणाचा प्रश्न लागणार हे सोडतीवर ठरते. तारांकित प्रश्न लागणे हे बरेचसे नशीब आहे, तेव्हा संख्या मोजू नये, मजकूर वाचावा. ‘संसद डॉट इन’ या संकेतस्थळावर खासदाराच्या नावाने त्याचे प्रश्न आणि मंत्र्यांची उत्तरे मिळतात. हजेरी, चर्चा आणि खासगी विधेयके (मंत्री नसलेल्या सदस्यांनी मांडलेली) यांचा एकत्र हिशेब ‘पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च’ ही अभ्यास संस्था ठेवते. ‘देशातील रेल्वेचा विकास’ असा मोघम प्रश्न आणि ‘बेळगाव-कित्तूर-धारवाड रेल्वेमार्गासाठी किती जमीन ताब्यात आली, उरलेली कधी येणार’ हा प्रश्न, दोन्ही तक्त्यात एकच भरतात. दुसऱ्या प्रश्नामागे खासदाराने अभ्यास केलेला असतो.

सीमाप्रश्नावर संसदेत प्रश्न का येत नाहीत, अशी तक्रार आपल्याकडे नेहमीची. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि न्यायप्रविष्ट बाबीवरचा प्रश्न नियमाने स्वीकारलाच जात नाही. पण घटनेच्या कलम ३५०-ब नुसार भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमलेला असतो आणि त्याचा अहवाल संसदेपुढे ठेवावा लागतो. त्या अहवालाबद्दल, मराठीतून सूचना व कागदपत्रे देण्याच्या शिफारशींबद्दल विचारायला कसलीच आडकाठी नाही. तिन्ही खासदारांनी हे विचारले का, हे पाहावे.

उत्तरही शेवटपर्यंत वाचावे. ‘माहिती गोळा केली जात आहे’ असे मंत्री म्हणाले की ते आश्वासन धरले जाते आणि तीन महिन्यांत पुरे करायचे असते. आश्वासन समिती त्यावर लक्ष ठेवते, पण पाठपुरावा खासदारानेच करायला हवा. स्थायी समित्यांतली हजेरी तक्त्यांत सहसा नसते. ती समितीच्या अहवालाला जोडलेल्या इतिवृत्तात, ‘उपस्थित सदस्य’ या यादीत सापडते.

विधानसभेचे काम आपल्यासाठी अधिक अवघड, कारण बहुतेक कागद कन्नडमध्ये असतात. चार शब्द लक्षात ठेवले तरी शोध सोपा होतो: ‘चुक्के गुरुतिन प्रश्ने’ म्हणजे तारांकित, ‘चुक्के गुरुतिल्लद प्रश्ने’ म्हणजे अतारांकित, ‘गमन सेळेयुव सूचने’ म्हणजे लक्षवेधी आणि ‘भरवसे’ म्हणजे आश्वासन. आमदाराची हजेरी हवी असेल तर विधानसभा सचिवालयाच्या माहिती अधिकाऱ्याकडे १० रुपये शुल्क भरून अर्ज करावा. कर्नाटकच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत बसणारा असावा. हजेरी, प्रश्न आणि आमदार निधी एकाच अर्जात कोंबले की तो परत येण्याची शक्यता वाढते.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती आहे. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधातले कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन संपले की आठवड्याभरात १८ आमदारांचा एक तक्ता मराठीत छापावा. टक्केवारीचा रकाना छोटा ठेवा. प्रत्येकाचे प्रश्न शब्दशः द्या, उत्तराची तारीख द्या आणि ‘आश्वासन दिले, पूर्ण झाले नाही’ असा एक रकाना ठेवा. पुढच्या वर्षी तोच रकाना पुन्हा छापावा.

कळावे,
खानापूर तालुक्यातील एक वाचक