कळसूबाईची वाट पावसाआधी दुरुस्त करायची आहे, हात द्या

कळसूबाई म्हणजे राज्यातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. नवरात्रात देवीच्या दर्शनाला आणि पावसाळ्यात शनिवार-रविवारी इथे रीघ लागते. बहुतेक सगळे बारी गावातूनच चढतात. इंदोऱ्याकडूनही वाट आहे, पण तिकडे वर्दळ कमी. म्हणून सगळी झीज बारीच्या वाटेला. पहिला पाऊस पडायच्या आत तिची डागडुजी करायची आहे, आणि त्यासाठी गावच्या समितीला आपली मदत हवी आहे.

पायांनी माती सुटते, पण वाहून नेतं ते पाणी. वळण टाळून कुणी सरळ चढलं की त्या पट्ट्यातलं गवत मरतं, उघड्या मातीवरून पाणी धावतं आणि बघता बघता घळ पडते. मग घळ चुकवायला लोक कडेने चालतात आणि वाट आणखी पसरते. म्हणून आधी पाणी वळवायचं, पायऱ्या नंतर.

पाणी वळवायला लांबट दगड वाटेवर तिरका बसवायचा, बाहेरचं टोक खाली ठेवून. अर्ध्याहून जास्त दगड जमिनीत गेलाच पाहिजे, नाहीतर चार दिवसांच्या गर्दीत तो हलतो. बाहेरच्या टोकाशी पाण्याला मोकळी जागा ठेवायची. तिथे पालापाचोळा अडकला की पाणी पुन्हा वाटेवरच येतं. पायरीचा दगड लांब घ्यायचा, त्याची शेपटी डोंगरात आत दाबायची आणि वरची पायरी खालच्या पायरीच्या मागच्या कडेवर टेकवायची. वरच्या पृष्ठाला बाहेर किंचित उतार हवा, म्हणजे पाणी साचून शेवाळ धरणार नाही. सिमेंट शक्यतो टाळतो. ते डोक्यावरून वर न्यावं लागतं, आणि खालची माती खचली की तडकतं.

वाटेवरच्या कातळाला लावलेल्या लोखंडी शिड्या गंजतात त्या बहुधा बुडाशी, कारण तिथे माती आणि ओल साचते. ती माती काढायची, तारेच्या ब्रशने गंज घासायचा, लोखंड पूर्ण कोरडं झाल्यावरच रेड ऑक्साइड लावायचं. ओल्यावर दिलेला रंग पापुद्र्यासारखा सुटतो. रेलिंगचा बोल्ट मारण्याआधी कातळावर हातोडी वाजवून बघतो. टणटणीत आवाज आला तर खडक घट्ट, भद्द आला तर तो पापुद्रा आहे, तिथे बोल्ट धरणार नाही. छिद्रातली भुकटी फुंकून काढली नाही तरी तो पुढे निसटतो. वेल्डिंग आणि बोल्टचं काम जाणत्या कारागिरांकडेच राहील.

हा डोंगर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. सगळं काम वनखात्याच्या परवानगीनेच होईल. नवा दगड उकरायचा नाही, झाड तोडायचं नाही. वाटेवरून गडगडलेलेच दगड वापरायचे.

सामानात ६ पहारी, १० टिकाव, २० घमेली, ३० जोड जाड हातमोजे, १२ तारेचे ब्रश आणि २० लिटर रेड ऑक्साइड हवं आहे. शिवाय एक घडीचं स्ट्रेचर आणि ५० मीटर दोर, कारण शिडीखाली पाय मुरगळलेल्या माणसाला पाठीवर घेऊन उतरवणं त्याच्याही जिवावर बेततं आणि उतरवणाऱ्यांच्याही. रोख रक्कम दिलीत तर पावती अवश्य मागा.

श्रमदान एप्रिल-मे महिन्यांत दर रविवारी. सकाळी ६ वाजता बारीत पोहोचा, ११ नंतर कातळ तापतो. माणशी ३ लिटर पाणी, टोपी, बूट आणा. गुडघे किंवा हृदयाचा त्रास असेल त्यांनी पायथ्याशी दगड निवडण्याचं काम घ्यावं, तेही तितकंच मोलाचं आहे. घरी टिकाव असेल तर सोबत आणा, दांडा घट्ट आहे ना एवढं आधी पाहून.