फोटोत दम दिसत नाही

तीर्थस्वरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

तुमच्याकडून परत आल्यापासून एक गोष्ट मनातून जात नाही. बाबा, जिना चढताना मधल्या वळणावर तुम्ही कठडा धरून थांबलात. "तू हो पुढे," म्हणालात. मागून आई हळूच म्हणाली, "चार महिने झाले, असंच चाललंय."

त्या चार महिन्यांत तुमचा 'शुभ सकाळ'चा मेसेज एक दिवस चुकला नव्हता. मीही रोज न चुकता जोडलेले हात पाठवत होते. मुलांच्या फोटोंना तुमचा अंगठा यायचा, तुमच्या फोटोंवर मी बदाम टाकायचे. आपलं रोज बोलणं होतं, असं मी मनापासून धरून चालले होते. पण फोटोत दम लागलेला दिसत नाही. फोनवर दोन वाक्यांत कळला असता.

सांगितलं नाहीत म्हणून मी रागावलेली नाही. सांगणार तरी कुठे होतात, चाळीस जणांच्या ग्रुपवर?

आल्यावर एका प्रयोगाबद्दल वाचलं, तो तुम्हाला सांगायचाच आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात लेस्ली सेल्ट्झर आणि सेथ पोलॅक या संशोधकांनी लहान मुलींना अनोळखी माणसांसमोर बोलायला आणि गणितं सोडवायला लावलं. मुली घाबरल्या. मग काहींची आई जवळ येऊन बसली, तर काहींना आईचा फक्त फोन आला. दोन्हीकडे ताणाचं हार्मोन, कॉर्टिसॉल, उतरलं आणि मायेच्या स्पर्शाने वाढणारं ऑक्सिटोसिन हे हार्मोन वाढलं. नुसत्या आवाजाने जवळजवळ कुशीत घेतल्याइतका फरक पडला. हे 2010 मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे 2012 च्या अभ्यासात त्यांनी काही मुलींना आईशी मेसेजवर बोलायला दिलं. तेव्हा त्यांच्यात आणि आईशी अजिबात संपर्क न झालेल्या मुलींमध्ये फारसा फरकच दिसला नाही. मेसेज तर आईनेच लिहिलेले होते.

आई, हे वाचताना मला माझ्या परीक्षा आठवल्या. दाराशी उभी राहून तू काय म्हणायचीस, ते शब्द आज एकही आठवत नाहीत. तुझा आवाज मात्र जसाच्या तसा कानात आहे.

फेसबुकवर 'लाइक'चं बटण 2009 मध्ये आलं. त्याआधी कुणाचा फोटो आवडला, तर निदान एक ओळ लिहावी लागायची. आता तेवढंही लागत नाही, आणि मी ती ओळ तुमच्यासाठीसुद्धा लिहायची सोडली होती. याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून मी माझी सोशल मीडियावरची दोन्ही खाती बंद केली. व्हॉट्सअ‍ॅप तेवढं ठेवलंय, तुमचे रिपोर्ट पाठवायला सोपं पडतं. शेकडो ओळखीच्या लोकांचे वाढदिवस आता मला कळणार नाहीत. ज्यांचे कळायला हवेत, ते पाठ आहेत.

बुधवारी आणि रविवारी रात्री जेवणं झाल्यावर मी फोन करीन. स्पीकरवर ठेवू नका. मला तुम्हा दोघांशी वेगवेगळं बोलायचंय. आणि बाबा, "बरं आहे, आईशी बोल" म्हणून लगेच फोन तिच्याकडे देऊ नका. काही सुचलं नाही, तर दोघं थोडा वेळ गप्प राहू. तुम्ही आहात हे मला ऐकू येईल.

त्याआधी, याच आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन या. हे टाळू नका. आई, तू बरोबर जा आणि ते काय म्हणाले ते मला फोन करूनच सांग, लिहून पाठवू नकोस. पुढच्या महिन्यात मी दहा दिवसांची रजा काढून येते आहे. तोवर जिन्याच्या वळणावर एक खुर्ची ठेवून घ्या. जागा असेल तर दोन ठेवा, मी आले की तिथेच बसू.

तुमची,
लेक