घोड्यांचे उपकार

प्रिय बंड्या,

तुझी व्हॉइस नोट ड्यूटी संपल्यावर एसटीत ऐकली, अर्धी तर शिव्याच. गणपतीला आलो नाही, मेसेजला रिप्लाय नाही, मोठा झालास काय वगैरे. दे शिव्या, पण अजून पूर्ण डॉक्टर कुठे झालोय, साडेचार वर्षं संपली तरी इंटर्नशिपचं वर्ष असतंच, आणि त्यातच बाकीचे पुढच्या ॲडमिशनसाठी नीट-पीजी परीक्षेचा अभ्यास करतात म्हणे. मी झोपतो.

एवढी आजारपणं बघून डिप्रेस होत नाहीस का, विचारलंस. होतं रे. पावसात लेप्टोचा, म्हणजे उंदरांमुळे पसरणाऱ्या तापाचा, एक पेशंट गेला, लावणी करणारा, आपल्याच वयाचा. ते भेटल्यावर बोलू.

पण परवाचं ऐक. भातकापणी चालू आहे, संध्याकाळी एका मावशींना आणलं, पायाला फुरसं चावलेलं, पाय टम्म सुजलेला आणि हिरड्यांतून रक्त. 2 मिली रक्त कोरड्या काचेच्या ट्यूबमध्ये घेऊन ठेवलं. 20 मिनिटं तिला हात लावायचा नाही, मग एकदाच तिरकी करून बघायचं गुठळी झाली की नाही, कारण फुरशाचं विष भिनलं की रक्त गोठतच नाही. तेवढ्यात मावशींचं चालूच, "डाक्टरानू, पाय रवतलो मां माझो?" मी आपला "रवतलो, रवतलो" म्हणतोय आणि नजर घड्याळावर. तिरकी केली तर रक्त कोकमाच्या आगळासारखं पातळ! लगेच सिस्टरनी 10 वायल्स एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, सलाईनमधून चालू केलं, रिॲक्शन आली तर असावं म्हणून ॲड्रेनलिन भरून बाजूला. 6 तासांनी परत तीच टेस्ट. ह्यावेळी ट्यूब तिरकी केली तर रक्त जागचं हललंच नाही, घट्ट गुठळी. खरं सांगतो, रिझल्टच्या दिवशीपण एवढा आनंद झाला नव्हता.

सकाळी त्यांचा मुलगा माझ्या पाया पडायला वाकला, माझ्याहून मोठा माणूस, मला कसंतरीच झालं. मी केलं काय तर ट्यूब तिरकी केली. ते औषध येतं घोड्यांकडून, त्यांना थोडं थोडं विष टोचतात आणि मग त्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडी काढून घेतात. सापांचं विष काढण्याचं काम तामिळनाडूतले इरुळा लोक करतात, पिढ्यानपिढ्या साप पकडणारे, 1978 पासून त्यांची सोसायटी आहे. त्यांच्या पाया कोण पडणार? आणि घोड्यांच्या? मी म्हटलं निदान सिस्टरना थँक्यू म्हण, रात्रभर त्याच बसल्या होत्या. म्हणाला बिचारा, पण उकड्या तांदळाची पिशवी शेवटी माझ्याच हातात दिली. मी ती सिस्टरांच्या रूममध्ये नेऊन ठेवली, सगळ्यांची पेज झाली.

काम आणि बाकीचं आयुष्य यांचा बॅलन्स कसा ठेवतोस म्हणशील तर ते रीलवाले पहाटे पाचला उठून डायरी लिहिणारे मला झेपत नाहीत. जेवताना आईला फोन, आणि लवकर सुटलो तर किनाऱ्यावर रापण, ते मासेमारीचं मोठं जाळं, ओढायला हात लावायचा, एवढंच. तिथे मला कोणी डॉक्टर म्हणत नाही, "ओढ रे नीट" म्हणतात, वर चार बांगडे देतात.

जत्रेला नक्की येतोय, त्याच्या बदल्यात दिवाळीतल्या नाईट घेतल्यात. दशावतार पहाटेपर्यंत बघायचा, मी पेंगलो तर उठव. आणि कापणीला गमबूट घाल, तुझ्या त्या झिजलेल्या स्लिपर मला माहितीयेत.

काकींना नमस्कार सांग.

तुझाच,
पप्या